टी-स्कोअर उणे २.७ आलाय, मग आईने वजनं उचलायची की नाही?

प्रश्न थोडक्यात असा. आई ६७ वर्षांची. डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी, केली तर कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर उणे २.७ आला आणि खुब्याचा उणे २.१. आजवर कुठलंही हाड मोडलेलं नाही. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी सुरू केलीय, सोबत कॅल्शियम आणि डी व्हिटॅमिन. आई रोज सकाळी पाऊण तास चालते, सोसायटीतल्या योगवर्गालाही जाते. रिपोर्ट आल्यापासून घरात सगळ्यांनी तिला दम भरलाय की बादली उचलायची नाही, पिशवी उचलायची नाही, नातवाला कडेवर घ्यायचं नाही, वाकायचं नाही. लेक विचारतेय की चालणं पुरे आहे का, आणि या वयात वजनं उचलली तर हाड मोडेल का. वडील ७२ चे, त्यांचं म्हणणं, "आता काय पहिलवान व्हायचंय का?"

मी नाशिकला फिजिओथेरपीची प्रॅक्टिस करते, बरीच वर्षं झाली, आणि हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो, फक्त आकडे बदलतात. त्यामुळे आधी सरळ उत्तर देऊन टाकते. चालणं पुरत नाही. वजन उचलायचं, पण शिकून आणि हळूहळू वाढवत. वाकण्याबद्दल घरचे म्हणतायत त्यात अर्धं तथ्य आहे, त्यावर खाली लिहितेच. आणि "काहीच उचलू नको" हा सल्ला हाडांसाठी सगळ्यात वाईट, पण तो प्रेमापोटी दिलेला असतो त्यामुळे त्याला कोणी उलटून बोलत नाही.

टी-स्कोअरचं आधी उरकते. तरुण निरोगी माणसाच्या हाडाच्या घनतेशी तुलना करून हा आकडा काढतात. उणे १ पर्यंत नॉर्मल, उणे १ ते उणे २.५ च्या मधे ऑस्टिओपेनिया म्हणजे हाडं थोडी विरळ, उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस म्हणजे हाडं ठिसूळ, ही जागतिक आरोग्य संघटनेची १९९४ ची विभागणी, सगळीकडे हीच वापरतात. हा आकडा बघून लोक फार घाबरतात, पण एक लक्षात घ्या, ज्यांची हाडं मोडतात त्यातल्या खूप जणांचा स्कोअर ऑस्टिओपेनियातलाच असतो, कारण हाड मोडायला नुसतं ठिसूळ असून भागत नाही, बहुतेक वेळा माणूस पडावाही लागतो. खुब्याची ९० टक्क्यांहून जास्त फ्रॅक्चर्स पडल्यामुळे होतात. म्हणून व्यायामाला दोन कामं आहेत, हाडावर ताण देणं आणि पडू न देणं, आणि लोक दोन्ही सोडून फक्त चालतात.

चालणं बंद करू नका हं, मी तसं म्हणत नाहीये. शुगरला चांगलं, हृदयाला चांगलं, झोपेला चांगलं, मैत्रिणी भेटतात तेही कमी नाही. पण हाडाला चालणं ऐकू येईनासं झालेलं असतं, शेजारच्या घरातला मिक्सर रोज त्याच वेळी चालला की कानाला जसा जाणवेनासा होतो तसं. तुमच्या आईची हाडं चाळीस-पन्नास वर्षं त्यांच्या वजनाएवढ्या पावलांना सरावलेली आहेत. नुसत्या चालण्यावर झालेले अभ्यास एकत्र करून बघितले तरी कमरेच्या मणक्याच्या घनतेत काही फरक दिसत नाही, खुब्याला थोडा फायदा दिसतो, तोही कमीच.

यामागचं शास्त्र जुनं आहे. ज्युलियस वोल्फ नावाच्या जर्मन सर्जनने १८९२ मध्ये मांडलं होतं की हाडावर जसा भार पडतो तशी त्याची रचना बदलते. टेनिस खेळणाऱ्यांच्या दोन हातांची एक्स-रेवर तुलना केली तेव्हा ज्या हातात रॅकेट त्या दंडाच्या हाडाची भिंत दुसऱ्या हातापेक्षा पुरुषांत साधारण ३५ टक्के जाड निघाली, म्हणजे माणूस तोच, जेवण तेच, हार्मोन्स तीच, फरक फक्त भाराचा. आणि उलटं टोक बघायचं तर अंतराळवीर, तिथे वजनच नाही, तर खुब्याची घनता महिन्याला १ ते दीड टक्क्याने उतरते. सायकलवाले आणि पोहणारेही याच गटात मोडतात, स्टॅमिना जबरदस्त पण हाडं त्या मानाने हलकी, कारण सीटवर किंवा पाण्यात हाडाला धक्का बसतच नाही. कोणी सांगितलं की हाडांसाठी पोहा, तर पोहा, सांध्यांना बरं वाटेल, पण ते हाडाच्या खात्यात धरू नका.

मला सगळ्यात आवडणारा प्रयोग कोंबड्यांवरचा आहे. रुबिन आणि लॅनियन यांनी १९८४ मध्ये कोंबड्यांच्या पंखातलं एक हाड नेहमीच्या भारापासून वेगळं काढलं आणि त्यावर यंत्राने रोज ठरावीक वेळा ताण दिला. ताण दिलाच नाही तर हाड विरळ होत गेलं. दिवसातून फक्त ४ वेळा दिला तरी झीज थांबली. ३६ वेळा दिल्यावर हाड वाढलं. आणि १८०० वेळा दिला तर? ३६ पेक्षा जास्त काही मिळालं नाही. म्हणजे हाडाला हजारो पावलं नको असतात, त्याला थोडेसेच पण दमदार आणि नेहमीपेक्षा वेगळे झटके हवे असतात. मोबाईलवर दहा हजार पावलं पूर्ण झाली म्हणून हाडांचं काम झालं असं समजणाऱ्यांना मी हा कोंबड्यांचा किस्सा सांगते, पाटी कोरी होते.

आता मुख्य भीती, वजन उचलल्यावर हाड मोडेल का. यावर ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडमधल्या ग्रिफिथ युनिव्हर्सिटीत लिफ्टमोर नावाचा अभ्यास झाला, बेलिंडा बेक यांच्या टीमचा. पाळी गेलेल्या १०१ बायका, सरासरी वय ६५, सगळ्यांची हाडं विरळ. त्यांचे दोन गट केले. एका गटाला घरी हलका व्यायाम. दुसऱ्या गटाला आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी अर्धा तास, खरंखुरं जड वेटलिफ्टिंग. डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवरचं वजन उचलून उभं राहणं, स्क्वॉट म्हणजे खांद्यावर वजन घेऊन उठबस, डोक्यावर वजन ढकलणं, पाच-पाच वेळा उचलायचे पाच सेट, आणि वजन किती तर एका दमात जेमतेम एकदाच उचलता येईल अशा कमाल वजनाच्या ८५ टक्क्यांहून जास्त. शिवाय वर बारला लटकून खाली उडी मारून पाय दणकन टेकवायचे. आठ महिन्यांनी जड उचलणाऱ्यांची मणक्याची घनता सरासरी २.९ टक्के वाढली आणि हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्के घटली. एवढं करून दुखापत किती, तर एकीची कंबर थोडी धरली. फ्रॅक्चर नाही.

हे ऐकून कोणी उद्याच आईला जिममध्ये नेऊन बारखाली उभं करेल म्हणून लगेच सांगते, त्या बायका आधी तपासून घेतलेल्या होत्या, पहिला महिना हलक्या वजनावर फक्त पद्धत शिकण्यात गेला, आणि प्रत्येक वेळी शिकवणारा माणूस समोर उभा होता. यूट्यूब बघून एकटीने करायचा हा प्रकार नव्हे. पण त्या अभ्यासामुळे आमच्या क्षेत्रातला सूर नक्की बदलला. पूर्वी आम्हीही साठीच्या बाईच्या हातात अर्धा किलोचं गुलाबी डंबेल द्यायचो आणि वीस वेळा वर-खाली करायला लावायचो. अहो, ती बाई घरी पाच किलोची कणकेची पिशवी एका हाताने डब्यात ओतते, तिच्या हाडांना ते डंबेल कळणार तरी कसं?

बरं, सुरू करण्याआधी काय बघायचं. पहिलं म्हणजे उंची. जुन्या पासपोर्टवर, कुठल्या मेडिकल रिपोर्टवर तरुणपणची उंची असेल तर आजच्याशी ताडून बघा, ४ सेंटीमीटर किंवा जास्त कमी झाली असेल तर मणक्याचा एक्स-रे करून घ्याच, कारण मणक्याची जवळपास दोन तृतीयांश फ्रॅक्चर्स कळतच नाहीत, "पाठ भरून आली होती दोन आठवडे" एवढंच आठवतं. ब्लाऊज मागून वर चढायला लागलाय, पुढून सैल पडतोय, पाठीला बाक आलाय, ही पण खूण. तुमच्या आईंचं फ्रॅक्चर नाही असं तुम्ही लिहिलंय, पण ते एक्स-रे बघून म्हणताय की काही दुखलं नाही म्हणून, ते डॉक्टरांना विचारा. मणका आधीच दबलेला असेल तर व्यायाम करायचाच असतो, फक्त उड्या आणि जड वजनं बाजूला राहतात आणि पाठीच्या स्नायूंपासून सुरुवात होते. ब्लड प्रेशर ताब्यात नसेल तर आधी ते ताब्यात आणा. हृदयाचा त्रास असेल, डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर त्या त्या डॉक्टरांचा होकार घ्या.

आता वाकण्याचं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या मेहरशीद सिनाकी यांचा १९८४ चा एक अभ्यास आहे, लहान आहे पण आम्ही सगळे तो लक्षात ठेवतो. ऑस्टिओपोरोसिस असलेल्या ५९ बायका. काहींना पाठ मागे ताणण्याचे व्यायाम दिले, काहींना पुढे वाकण्याचे, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. नंतर एक्स-रे काढले तर पाठ मागे ताणणाऱ्यांपैकी १६ टक्के जणींच्या मणक्यांत नवीन फ्रॅक्चर दिसलं आणि पुढे वाकणाऱ्यांपैकी ८९ टक्के जणींच्या. पुढे वाकण्याच्या गटात बायका फक्त ९ होत्या, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, त्यामुळे त्या ८९ वर शपथ घेऊ नका, पण दिशा स्पष्ट आहे. पाठ गोल करून पुढे वाकलं की सगळा भार मणक्याच्या पुढच्या काठावर येतो, आणि ठिसूळ मणका पुढूनच चेपतो, पाचरीसारखा होतो.

म्हणून योगवर्गाबद्दल ऐका. योग सोडू नका, आसनं निवडा. पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन, हलासन, आणि ते पाठीवर गोल होऊन डोलणं, हे आईंसाठी बंद. सूर्यनमस्कार जसे सगळे घालतात तसे नकोत, त्यात प्रत्येक नमस्काराला दोनदा पाठ गोल होऊन हात जमिनीकडे जातात, आणि रथसप्तमीला १०८ चा हट्ट तर नकोच नको. झटक्याने कंबर पिळणंही नको. ताडासन, वृक्षासन, वीरभद्रासन, उत्कटासन मात्र मनसोक्त करा, यात पायांवर भार येतो आणि तोलही सुधारतो. पोटावर झोपून भुजंगासन, शलभासन अर्धवट उंचीपर्यंत, हे पाठीच्या स्नायूंना फारच चांगलं. सिनाकींच्याच नंतरच्या एका अभ्यासात बायकांनी दोन वर्षं पाठीवर वजन ठेवून असं पालथं उचलण्याचा व्यायाम केला, मग सोडून दिला, तरी आठ वर्षांनंतर बघितलं तेव्हा न केलेल्या बायकांमध्ये मणक्याची फ्रॅक्चर्स २.७ पट जास्त होती. योगशिक्षिकेला रिपोर्ट दाखवायला लाजू नका, चांगली शिक्षिका पर्याय देते, आणि "आपल्या योगाने कोणाचं काही बिघडत नाही" असं म्हणाली तर वर्ग बदला.

पण दिवसभरात वाकावं तर लागतंच ना. खाली पडलेला चमचा, वॉशिंग मशीनमधले कपडे, देवघर, केर. इथे घरच्यांचा "वाकू नको" हा हुकूम कामाचा नाही, वाकायचं कसं हे शिकवावं लागतं. मी पहिल्या दिवशी हेच शिकवते, वजन नंतर. मॉपचा दांडा घ्यायचा, पाठीमागे उभा धरायचा, एक हात मानेमागे, एक कमरेमागे, दांडा तीन ठिकाणी टेकला पाहिजे, डोक्याच्या मागे, खांद्यांच्या मधे आणि माकडहाडावर. आता गुडघे किंचित सैल सोडून बसायची जागा मागे न्यायची, मागचं कपाट ढुंगणाने लावायचंय असं समजा, आणि छाती आपोआप पुढे झुकते. दांडा तिन्ही ठिकाणी टेकलेला राहिला तर पाठ सरळ आहे. कमरेपासचा दांडा सुटला की पाठ गोल झाली. पहिल्यांदा सगळ्याच जणी गुडघे वाकवून खाली बसतात किंवा मान वर करून माझ्याकडे बघतात, मग डोक्याचा दांडा सुटतो, मग हसू येतं. मांडीच्या मागे ताण आला की जमलं समजायचं. हे जमेपर्यंत हातात काही द्यायचं नाही, कोणाला दोन दिवस लागतात, कोणाला तीन आठवडे, दोन्ही ठीक.

मग दांडा काढायचा आणि कापडी पिशवीत दोन लिटरच्या पाण्याच्या दोन बाटल्या, म्हणजे चार किलो. पिशवी जमिनीवर नाही ठेवायची सुरुवातीला, पाटावर किंवा स्टुलावर ठेवायची म्हणजे फार खाली जावं लागत नाही. अंगाजवळ धरायची, श्वास सोडत उचलायची. आठ-दहा वेळा, असे दोन-तीन सेट. नियम एवढाच की शेवटचे दोन जड गेले पाहिजेत पण पाठ बिघडता कामा नये. बारा वेळा गप्पा मारत जमायला लागलं की वजन वाढवा. पाच, सात, दहा किलो, घरात तांदळाच्या पिशव्या असतातच. घरचा गॅस सिलेंडर गॅससकट ३० किलोच्या आसपास असतो, १४.२ किलो त्यातला गॅस, आणि आपल्याकडच्या कितीतरी बायका तो पाठ गोल करून, तिरका करून, ओढत नेतात नि कोणाला काही वाटत नाही. पण त्याच बाईने सरळ पाठीने दहा किलो उचलायचं म्हटलं की घर हादरतं.

बाकीचा आठवडा काही फार किचकट नाही. आठवड्यातून दोन दिवस, मधे दोन दिवसांचं अंतर, अर्धा-पाऊण तास. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, आधी रिकामं, मग छातीशी पिशवी धरून. वर सांगितलेलं उचलणं. भिंतीला हात टेकून दंड, पुढे ओट्याला टेकून, मनगटाच्या हाडांसाठी हे हवंच, कारण पडताना माणूस हातावरच पडतो. रबरी बँड दाराला अडकवून मागे खेचणं, खांद्याच्या पात्यांमधल्या स्नायूंसाठी. पालथं झोपून छाती उचलणं. टाचा उचलणं, आधी दोन पायांवर मग एकावर. गुडघे दुखतात म्हणून बसता-उठता येत नसेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा, व्यायाम सोडू नका. मांडीचे स्नायू सुधारले की गुडघाही बहुतेकांचा बरा वागायला लागतो. श्वास कोंडून धरायचा नाही, प्रेशर एकदम चढतं.

धक्क्यांचं वेगळं सांगते कारण लोक याला फार बिचकतात. ब्रिटनमधल्या तज्ज्ञांची शिफारस आहे की मणक्याचं फ्रॅक्चर नसेल तर बहुतेक दिवशी साधारण ५० मध्यम धक्के घ्यावेत, दहा-दहाच्या खेपांत. इंग्लंडमध्ये लफबरो युनिव्हर्सिटीत ६५ ते ८० वयाच्या पुरुषांना वर्षभर एकाच पायावर रोज लंगडी घालायला लावली, तर त्या पायाच्या खुब्याची घनता दुसऱ्या पायापेक्षा सुधारली. आपल्याला लंगडी शिकवायला कोणी नको, लहानपणी सगळ्यांनीच घातलीय, पण ६७ व्या वर्षी थेट लंगडीने सुरुवात नको. आधी ओटा धरून टाचा उचलून एकदम खाली टेकवणं, मग जागच्या जागी पाय आपटून कदमताल, मग पायरीवरून दमदार उतरणं, आणि दोन-तीन महिने ताकद आणि तोल कमावल्यावर ओटा धरूनच छोट्या उड्या. लघवी सुटते म्हणून बऱ्याच बायका उडी मारत नाहीत आणि कारण सांगत नाहीत. ते सांगा, त्यालाही व्यायाम आहेत.

मंगळागौरीच्या ग्रुपचं बऱ्याच जणी विचारतात. झिम्मा, पाय आपटत धरलेले ठेके, हे हाडांसाठी उत्तमच, गाणं आहे, मैत्रिणी आहेत, सराव चुकत नाही. फुगडी मात्र आईंना नको, हात सुटला तर मागे आपटायला होतं, आणि ती पिंगा घालताना कंबर पिळून पुढे झुकणंही टाळा. सराव पंजाबी ड्रेसवर करा, नऊवारी कार्यक्रमाच्या दिवशी.

आता पडण्याचं, ज्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. कॉक्रेन ही वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था, तिच्या २०१९ च्या आढाव्यात १०८ चाचण्या आणि २३ हजारांहून जास्त माणसं एकत्र बघितली, घरी राहणाऱ्या वयस्कर लोकांमध्ये व्यायामामुळे पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी कमी झालं, आणि सगळ्यात जास्त उपयोगी ठरले ते तोल सांभाळण्याचे आणि रोजच्या हालचालींचे व्यायाम. न्यूझीलंडमध्ये ओटागो विद्यापीठातल्या लोकांनी तर घरीच करायचा पायांच्या ताकदीचा आणि तोलाचा कार्यक्रम बनवला, तो आज जगभर वापरतात, त्याला ना मशीन लागतं ना जिम. दूध तापेपर्यंत ओट्याला एक बोट टेकवून एका पायावर उभं राहा. फरशीची रेघ धरून टाच-अंगठा लावत चाला, मागेही चाला. आणि जमिनीवरून उठणं विसरू देऊ नका. आपल्याकडे पूर्वी जेवायला, पूजेला, भाजी निवडायला खाली बसणं-उठणं चालूच असायचं, आता सगळं डायनिंग टेबलावर आलं आणि सत्तरीच्या बाईला खाली बसवलं तर दोन माणसं लागतात उठवायला. गुडघे परवानगी देत असतील तर स्टुलाचा आधार घेऊन रोज दोन-चार वेळा खाली बसून उठा.

आणि घर बघा घर. ओलं बाथरूम, दाराशी सरकणारं पायपुसणं, झिजलेली स्लीपर, रात्री लघवीला उठताना अंधार. बाथरूममध्ये भिंतीला हँडल बसवायला प्लंबरचं एका तासाचं काम असतं, टॉवेलच्या दांडीला धरून उठू नका, ती निघून हातात येते. मोतीबिंदू पिकलाय तर ऑपरेशन लांबवू नका. झोपेची गोळी चालू असेल किंवा उठल्यावर चक्कर येत असेल तर ते डॉक्टरांच्या कानावर घाला.

गोळीबद्दल एक. व्यायाम करतोय म्हणून गोळी बंद करायची नाही, उणे २.७ ला दोन्ही लागतात. आठवड्याची गोळी असते ती रिकाम्या पोटी साध्या पाण्याबरोबर, आणि मग निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला त्रास होतो, आणि चहासुद्धा नाही, नाहीतर गोळी अंगात नीट शोषली जात नाही. मग त्या दिवशी गोळी घेऊन सरळ चालायलाच जा, म्हणजे अर्धा तास आपोआप जातो. पण त्या वेळात योगवर्ग नको, शवासन आणि भुजंगासन दोन्ही अडचणीचे. आणि पुढे कधी डॉक्टरांनी सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅब हे हाडांची झीज रोखणारं इंजेक्शन सुरू केलं तर त्याची तारीख चुकवू नका आणि मनाने तर बंद करूच नका, ते अचानक थांबवलं की मणके पटापट दबल्याच्या केसेस असतात.

खाण्याचं सगळ्यांना माहीत असतं म्हणून पटकन, नाचणी, तीळ, दूध-दही, पालेभाज्या, आणि प्रथिनं, जी आपल्या शाकाहारी आज्यांच्या ताटात हमखास कमी पडतात. संध्याकाळी नुसता चहा-खाकरा आणि रात्री दूध-भात यावर स्नायू बनत नाहीत. डाळ, पनीर, मोड आलेली कडधान्यं, अंडं चालत असेल तर अंडं, दोन्ही जेवणांत काहीतरी असू द्या. आपल्याकडे ऊन भरपूर तरी डी कमी असणारे लोक ढिगाने आहेत, त्यामुळे डोस डॉक्टर ठरवतील तोच, साठ हजार युनिटच्या डी व्हिटॅमिनच्या पुड्या मनाने घेऊ नका.

डेक्सा परत कधी? वर्षाच्या आत नको, आणि शक्यतो त्याच सेंटरला, त्याच मशीनवर, कारण दोन मशीनमधला फरकच व्यायामाच्या फरकापेक्षा मोठा निघू शकतो. हाड हळू काम करतं, जुनं खोदून नवीन भरायचं एक चक्र चार-सहा महिन्यांचं असतं. आकडा आहे तिथेच राहिला तरी ती कमाई आहे, कारण या वयात काही न करता तो खाली जातो. रिपोर्टची वाट बघण्यापेक्षा घरीच मोजा, अर्ध्या मिनिटात खुर्चीतून हात न लावता किती वेळा उठता येतं ते आज लिहून ठेवा आणि दोन महिन्यांनी परत मोजा, हा आकडा नक्की हलतो आणि आईंना हुरूप येतो. व्यायामानंतर स्नायू दोन दिवस ठणकले तर घाबरू नका. पण पाठीत एकदम एका जागी कळ आली, खोकताना-कूस बदलताना वाढते, तर सगळं थांबवून एक्स-रे काढा.

कुठे शिकायचं, तर पहिले काही आठवडे फिजिओथेरपिस्टकडे, मग हवं तर जिम. जिम ट्रेनरला फक्त एक विचारा, "ऑस्टिओपोरोसिस असलेल्या माणसाला कुठले व्यायाम देणार नाही?" त्याने क्रंचेस, म्हणजे उताणं झोपून पाठ गोल करत डोकं-खांदे उचलणं, आणि पाय धरायला वाकणं यांचं नाव घेतलं तर ठीक, "काही नाही काकू, सगळं चालतं" म्हणाला तर उठून या.

राहिले बाबा. पन्नाशीनंतर साधारण दर तीन बायकांत एक आणि दर पाच पुरुषांत एक, एवढ्या जणांचं हाड उरलेल्या आयुष्यात ठिसूळपणामुळे मोडतं, आणि खुबा मोडल्यावर वर्षभरात दगावणाऱ्यांचं प्रमाण पुरुषांत जास्त आहे. ७२ व्या वर्षी त्यांचीही डेक्सा करून घ्या, आणि सिगारेट किंवा बरेच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या झाल्या असतील तर नक्कीच. पहिलवान नाही व्हायचं, बाथरूममधून स्वतःच्या पायावर बाहेर यायचंय एवढं त्यांना सांगा, आणि आईंच्या पहिल्या सेशनला त्यांनाही घेऊन या. आईंनी सहा किलोची पिशवी उचलली की बाबा स्वतःहून आठ मागतात, हे मी बऱ्याच घरांत बघितलंय. त्यांच्याही हातात आधी दांडाच द्यायचा.